पेटंट औषध, ज्याचं पेटंट कधी नव्हतंच

आमच्याकडे खानदेशात, चोपडा-यावलच्या पट्ट्यात, सत्तरच्या दशकापर्यंत साध्या दुखण्याला डॉक्टर हा अगदी शेवटचा उपाय. आधी घरची सहाण, मग किराणा दुकानातली पुडी, त्यानेही नाही भागलं तर बाजारातली तयार औषधाची बाटली, म्हणजेच पेटंट औषध. घरात काय काय असायचं ते सगळ्यांना पाठ आहे म्हणून ओवा-सुंठ-हिंगाची यादी परत देत नाही, फक्त तो प्रकार वाटतो तितका अंदाजपंचे नव्हता. बाळगुटीत मोजमाप वेढ्यांचं, हळकुंडाचे इतके, वेखंडाचा एकच, जायफळ जपून कारण जास्त झालं की पोर गुंगतं. टाचेच्या भेगांना बिब्बा, पण तोही सगळ्यांना मानवत नाही, एखाद्याला उतला की अंगावर फोड, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या बाईला कोणाला चालतो कोणाला नाही हे पक्कं ठाऊक असायचं. अर्थात याच घरगुतीत लहान पोराचं पोट फुगलं की तापल्या सळईने डाग देणंही होतं, सातपुड्याच्या पायथ्याला ते बरीच वर्षं चाललं, ते आठवलं की आजीबाईच्या बटव्याचं कौतुक आवरतं घ्यावं लागतं.

बाटली आली ती रेल्वे आणि पोस्टाच्या पाठीवर बसून. १८६० च्या दशकात गाडी भुसावळला पोचली, १८७७ ला व्हीपी सुरू झाली म्हणजे आधी पार्सल हातात मग पैसे, त्यामुळे गावात दुकान नसलं तरी औषध दारात यायला लागलं. कपाशी विकली की हातात रोख असायचीच. १८९३ ला मुंबईत अमृतांजन निघालं, ग्राइप वॉटर तर १८५१ चं, इंग्लंडातलं, जुन्या कृतीत त्यात अल्कोहोल होतं, तेव्हा बाळ शांत झोपायचं यात नवल काही नाही.

आता खरा गोंधळ. या बाटल्यांना सगळे म्हणायचे पेटंट औषध, अजूनही म्हणतात, पण त्यातल्या बहुतेकांचं पेटंट कधीच नव्हतं. शब्द आला इंग्लंडातून, तिथला राजा एखाद्याला धंद्याची सनद द्यायचा ती उघडी सनद, कोणीही वाचावी अशी, तिला लेटर्स पेटंट म्हणायचे आणि काही औषधवाल्यांना ती मिळाली होती. पुढे पेटंट घ्यायचं तर कृती लिहून द्यावी लागायला लागली, आणि कृती दाखवली तर धंदा कशाचा? म्हणून बहुतेकांनी पेटंट घेतलंच नाही, कृती लपवली, नाव आणि लेबल तेवढं जपलं. म्हणजे पेटंटचा मूळ अर्थ उघडं, आणि पेटंट औषध म्हणजे ज्याच्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही असं. त्यात आणखी गंमत, आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा १९७२ ला लागू झाला आणि २००५ पर्यंत औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळतच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळायचं, आणि नेमकं त्याच काळात आमच्या बाजारात हा शब्द जोरात होता.

मग भांडणं व्हायची ती नावावरून. अमृतधारा घ्या. लाहोरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेलं, पोटदुखी-डोकेदुखी-उलटी सगळ्याला चालणारं. तसलंच घरी करता येतं, कापूर, पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल, ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, तिन्ही कोरडे खडे, एका बाटलीत घालून बूच लावलं की पाण्याचा थेंब न घालता आपोआप पातळ होतात, लहानपणी आम्हाला ही जादूच वाटायची. तर कानपूरकडच्या एकाने १९२३ पासून लक्ष्मणधारा विकायला घेतलं. पुढे त्याने ते नाव रजिस्टर करायला टाकलं आणि अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. हायकोर्ट म्हणालं अमृताची धारा वेगळी, लक्ष्मणाची वेगळी, कोण फसेल? सुप्रीम कोर्टाने १९६२ ला ते उलटवलं, म्हणे खेड्यातला गिऱ्हाईक शब्द फोडून अर्थ लावत नाही, कानावर पडलेलं अर्धवट लक्षात ठेवून मागतो, आणि त्या कानाला ही दोन्ही नावं सारखीच. पण अमृतधारावाले इतकी वर्षं गप्प बसले म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती परवानगी राहिली. मला हा निकाल अर्धा पटतो. गिऱ्हाईकाचं त्यांनी बरोबर ओळखलं, आमच्या बाजारात पण 'ती धारावाली बाटली दे' असंच मागायचे. पण दोन नावांत एवढा कीस पाडला आणि आतला माल कापूर-पुदिना-ओवा, जो कोणाच्याच बापाचा नाही, त्याकडे कोणाला बघायचंच नव्हतं, खटलाच नावाचा होता.

आतल्या मालाचा, म्हणजे औषधांचा, कायदा म्हणाल तर १९४० ला झाला पण आयुर्वेदिक-युनानी त्यातून बाहेर ठेवलं, ते आत आलं १९६४ च्या दुरुस्तीने. मधे १९५४ ला औषधांच्या जाहिरातींवर कायदा आला, पुढे १९६३ ला त्याला ५४ रोगांची यादीच जोडली, त्यात मधुमेह, मोतीबिंदू, फेफरं, हे बरं करतो अशी जाहिरात करायची नाही, छापून नाही आणि तोंडीही नाही. कायदा कागदावर, बोलणं चालूच! एसटी स्टँडवर बाम आणि मंजन विकणारा गाडीत चढायचा, एका दमात डोकं-दाढ-कंबर सगळं बरं करायचा आणि गाडी हलायच्या आत उतरायचा. १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या तशी डोकेदुखीची गोळी नाव घेऊन मागायला लागले लोक. 'डोकं दुखी ऱ्हायनं' म्हणत आलेल्या बाईला दुकानदार विचारायचा, कोणती देऊ, आणि ती रेडिओवरचंच नाव सांगायची.

आता फार्मसीतून पाचकाची नाहीतर खोकल्याची आयुर्वेदिक बाटली आणा आणि लेबल नीट वाचा. बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरात आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन सापडेल आणि कायद्यात या गटाचं नाव अजूनही पेटंट ऑर प्रोप्रायटरी मेडिसिन. अर्थ एवढाच की घटक जुन्या ग्रंथातले पण मिश्रण कंपनीचं स्वतःचं. पेटंट त्याच्यावरही नसतं बहुतेक वेळा.