साग्वारो संपतो तिथे : कॅटलिना पर्वतातील चढणीचा रस्ता

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरालगत सांता कॅटलिना पर्वत उभा आहे. त्याच्या पायथ्यापासून माथ्याजवळच्या समरहेवन गावापर्यंत जाणारा कॅटलिना हायवे सुमारे ४३ किलोमीटर लांबीचा असून मोटारीने तासाभरात संपतो. वनस्पतींच्या हिशेबाने मात्र हा प्रवास मेक्सिकोच्या सीमेवरून कॅनडाच्या सीमेवर जाण्यासारखा आहे, आणि यात अतिशयोक्ती फार थोडी आहे.

वर चढणारी हवा कमी दाबामुळे प्रसरण पावते आणि थंड होते. सरासरी दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याशी माणसाच्या कित्येक पट उंच वाढणारे साग्वारो निवडुंग दाटीने उभे असतात. त्यांच्या पन्हाळीदार खोडात पाणी साठलेले असते आणि हेच पाणी त्यांची मर्यादा ठरवते, कारण गोठणबिंदूखालची थंडी दिवसभर टिकली तर पेशी फाटून झाड मरते. त्यामुळे सुमारे १,२०० मीटर उंचीवर, एखाद-दोन वळणांतच, साग्वारो दिसेनासे होतात आणि गवताळ उतार व ओकची झाडे सुरू होतात.

केवळ उंचीवर सारे ठरत नाही, हे वनस्पतिशास्त्रज्ञ फॉरेस्ट श्रीव्ह यांनी याच पर्वतात हिंडून दाखवले. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाळ उतारावर एकच वनस्पती उत्तर उतारापेक्षा बरीच वरपर्यंत पोहोचते. बेअर कॅन्यनमध्ये तर क्रमच उलटा दिसतो. रात्री जड, थंड हवा घळीत उतरून साचते आणि ओढ्याचा ओलावाही तिथेच टिकतो. म्हणून तळाशी ॲरिझोना सायप्रस आणि पाइन वाढतात, तर वरच्या कोरड्या कडांवर ओक. मला या रस्त्यावरचे सर्वांत शिकवणारे ठिकाण हेच वाटते.

पुढे सुमारे २,००० मीटरवर विंडी पॉइंट लागतो. तेथील ग्रॅनाइटच्या उभ्या-आडव्या भेगांत पाणी मुरून खडक कडांकडून झिजत गेला आणि एकावर एक ठेवल्यासारखे गोलसर शिळांचे खांब उरले.

हा रस्ता १९३३ ते १९५० या काळात कैद्यांच्या श्रमाने बांधला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेली संचारबंदी व सक्तीचे स्थलांतर नाकारणारे गॉर्डन हिराबायाशी यांनी येथील छावणीत शिक्षा भोगली. सरकारने प्रवासखर्च न दिल्यामुळे ते वाटेतल्या वाहनांना हात करत स्वतःच तिथे पोहोचले होते. १९८७ साली न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. आज ती जागा त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि प्रत्येक प्रवाशाने तिथे थांबायला हवे.

माथ्यावर पाँडेरोसा पाइन आणि डग्लस फर आहेत. भोवती वाळवंटाचा समुद्र असल्यामुळे अशा पर्वतांना ‘आकाशातील बेटे’ म्हणतात. हवामान तापत गेले की थंडी मानवणारी झाडे वर सरकू पाहतात, पण शिखरापलीकडे जागाच नसते. त्यात २००३ च्या वणव्यात समरहेवनमधील बहुतेक घरे जळाली आणि २०२० मध्ये विजेने पेटलेल्या वणव्याने पुन्हा मोठे क्षेत्र जाळले. जळालेला ओक मुळापासून पुन्हा फुटतो. पाँडेरोसा मात्र बियांपासूनच उगवतो, आणि बी देणारे जिवंत झाड जवळ उरलेले नसेल तर त्या उतारावर ओकच दाटत जातो.