साखर, कर्बोदकं आणि मेंदूचे आजार: शंभर वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

घरातल्या वयस्कर माणसाला विसर पडू लागला की हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. साखर आणि भात पूर्ण बंद करा, आणि रोज चमचाभर खोबरेल तेल पोटात जाऊ द्या. सोबत एक वाक्यही येतं, 'अल्झायमर म्हणजे मेंदूचा मधुमेह.' हा सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही. त्यामागे शंभर वर्षांहून जुनं संशोधन आहे. त्यातलं काही अगदी पक्कं आहे, काही अर्धवट आहे आणि काही तपासणीत टिकलेलं नाही. अडचण अशी, की पक्क्या भागाच्या जोरावर कच्चा भागही खपून जातो.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. मेंदू साखरेशिवाय चालू शकतो का? मधुमेहामुळे मेंदूचं नुकसान होतं का? आणि मधुमेह नसलेल्या माणसाने भात-पोळी, गोडधोड खाल्लं म्हणून अल्झायमर होतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळालेली आहेत. तिसऱ्याचं अजून नाही.

सुरुवात होते ती अल्झायमरपासून नव्हे, तर फिट येण्याच्या आजारापासून, म्हणजे अपस्मारापासून. उपवास केला की फिट थांबतात, हे निरीक्षण प्राचीन ग्रीक वैद्यकातही आहे. १९११ मध्ये पॅरिसमध्ये गेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी अपस्माराच्या रुग्णांवर उपवासाचा प्रयोग करून त्याची नोंद प्रसिद्ध केली. पण वाढत्या वयाच्या मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी यावर तोड काढली. उपवासात शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात. जेवणातली कर्बोदकं जवळजवळ काढून टाकली आणि स्निग्ध पदार्थ भरपूर दिले, तर पोट भरलेलं असतानाही शरीर उपवासात असल्यासारखं वागेल, असा त्यांचा तर्क होता. या आहाराला त्यांनी 'कीटोजेनिक' असं नाव दिलं.

१९२५ मध्ये त्याच संस्थेतल्या मायनी पीटरमन यांनी त्याचं गणित बसवलं. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं, दिवसभरात कर्बोदकं फक्त दहा ते पंधरा ग्रॅम, आणि बाकी सगळी ऊर्जा लोणी, साय, तेल यांतून. पंधरा ग्रॅम कर्बोदकं म्हणजे साधारण एक लहान पोळी. तेवढ्यात मुलाचा आख्खा दिवस काढायचा. हे वाचायला सोपं आहे, सांभाळायला फार कठीण. ज्या घरांत हा आहार चालतो तिथे ओट्यावर ग्रॅमचा वजनकाटा कायम मांडलेला असतो. पनीर, साय, खोबरं, सगळं तोलून ताटात जातं. सर्दी-खोकल्याच्या सिरपमधली साखरही हिशेबात धरावी लागते, म्हणून डॉक्टरांकडून त्याऐवजी बिनसाखरेची गोळी मागून घ्यावी लागते. वाढदिवसाच्या केकचा एक घास दिला आणि फिट परत आली, असंही होऊ शकतं. या आयांच्या चिकाटीपुढे मला 'कीटो' नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्या पावडरी फिक्या वाटतात.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं. गोळी देणं सोपं, म्हणून हा आहार बाजूला पडत गेला आणि मोजक्या रुग्णालयांपुरता उरला. १९९० च्या दशकात हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या लहान मुलाच्या फिट कुठल्याच औषधाने थांबेनात. वडिलांनीच वाचनालयात बसून या जुन्या आहाराचा शोध घेतला. मुलाला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेलं, आहार लागू पडला, आणि १९९४ मध्ये अब्राहम्स यांनी त्याच्या प्रसारासाठी संस्था काढली. तरीही शास्त्रशुद्ध चाचणीला २००८ साल उजाडलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या पुढाकाराने १४५ मुलांवर ती झाली. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, तर नेहमीचं जेवणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये याच आहाराचा थोडा सैल प्रकार १०२ मुलांवर तपासला गेला. २०१३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत हेच आकडे ५२ आणि ११.५ टक्के असे होते. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी हा आहार भारतीय पदार्थांत बसवला.

१९९१ मध्ये डॅरिल डे व्हिवो यांनी एक दुर्मीळ जनुकीय दोष वर्णन केला. यात रक्तातली साखर मेंदूत नेणारं प्रथिनच अपुरं असतं. रक्तात साखर आहे, पण मेंदू उपाशी. या मुलांसाठी कीटोजेनिक आहार हाच मुख्य उपचार आहे. थोडक्यात, कर्बोदकं कमी केल्याने मेंदूच्या काही आजारांत फरक पडतो, यात आता शंका उरलेली नाही. पण ते आजार हे आहेत, आणि बहुतेक रुग्ण लहान मुलं आहेत.

मेंदू साखरेशिवाय कसा तगतो, याचं उत्तर १९६७ मध्ये बोस्टनमध्ये मिळालं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. दिवसाला त्याला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे वैद्यकीय देखरेखीखाली उपवास करणाऱ्या स्थूल रुग्णांमध्ये मेंदूत जाणारं आणि मेंदूतून बाहेर येणारं रक्त तपासलं. तेव्हा मेंदू जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा कीटोनमधून घेत होता.

उलट दिशेचा एक प्रयोगही विसरता येत नाही. १९३३ मध्ये व्हिएन्नात मानफ्रेड साकेल यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना इन्सुलिनचे मोठे डोस देऊन, रक्तातली साखर पार खाली नेऊन बेशुद्ध करण्याचा उपचार जाहीर केला. जगभरच्या मनोरुग्णालयांत तो दोन दशकं चालला. काही रुग्ण त्यात दगावले. १९५७ मध्ये लंडनमध्ये झालेल्या तुलनेत दिसलं, की नुसतं झोपेच्या औषधाने बेशुद्ध केलेल्या रुग्णांत आणि इन्सुलिन दिलेल्यांत काहीच फरक नाही. साखरेशी खेळून मेंदू बरा करण्याची आशा किती महाग पडू शकते, हे या उपचाराने दाखवलं.

अल्झायमरचा धागा इथून पुढे सुरू होतो. इन्सुलिनचा मेंदूशी फारसा संबंध नाही असं डॉक्टर बराच काळ मानत होते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत ठिकठिकाणी इन्सुलिनचे ग्राहक, म्हणजे इन्सुलिन जिथे येऊन चिकटतं ती प्रथिनं, सापडले. पुढे आणखी एक दुवा मिळाला. शरीरात इन्सुलिनचा निचरा करणारं एक विकर (एन्झाइम) अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचाही निचरा करतं. मग शंका अशी, की रक्तात इन्सुलिन सतत चढं राहिलं तर हे विकर तिकडेच गुंतून पडतं आणि अमायलॉइड साचत जातं का? शंका रास्त होती, अजूनही आहे.

१९९९ मध्ये हॉलंडमधल्या रॉटरडॅम पाहणीचे निष्कर्ष आले. ५५ वर्षांवरच्या ६,३७० लोकांत टाइप २ मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) होण्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला. नंतरच्या अनेक पाहण्यांनीही कमी-अधिक प्रमाणात हेच सांगितलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या सुझान डे ला मॉन्टे यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या अल्झायमरग्रस्त मेंदूंत इन्सुलिनचं कामकाज मंदावलेलं असल्याचं दाखवलं आणि 'टाइप ३ मधुमेह' असा शब्दप्रयोग सुचवला. प्रयोगशाळेतली ती मांडणी होती. वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून ती सिद्ध झालेलं निदान असल्यासारखी पसरली.

पण दुसऱ्या वर्षीच आलेला एक अभ्यास फारसा कुणाच्या कानावर गेला नाही, आणि मला तो या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या शेकडो कॅथलिक जोगिणी (नन) आणि धर्मगुरूंनी दरवर्षी स्मरणशक्तीची तपासणी करून घेण्याचं आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला देण्याचं मान्य केलं होतं. त्यांतल्या मधुमेहींच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होत्या, अल्झायमरच्या खुणा मात्र जास्त नव्हत्या. म्हणजे मधुमेह मेंदूला इजा करतो, पण त्याचा मोठा मार्ग रक्तवाहिन्यांमधून जातो. तिथे रक्तदाब, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल हेही तितकेच कारणीभूत असतात.

२०१२ आणि २०१३ ही दोन वर्षं वादाला उकळी फुटण्याची. मेयो क्लिनिकने ७० ते ८९ वयाच्या ९३७ लोकांना ते काय खातात ते विचारलं आणि सरासरी पावणेचार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. सर्वाधिक कर्बोदकं खाणाऱ्यांत स्मरणशक्ती ढासळण्याचा धोका सुमारे १.९ पट निघाला. पुढच्या वर्षी सिएटलच्या २,०६७ ज्येष्ठांच्या पाहणीत, मधुमेह नसलेल्यांमध्येही रक्तातली सरासरी साखर १०० ऐवजी ११५ असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका १८ टक्के जास्त दिसला. त्याच सुमारास गहू-तांदळालाच मेंदूचा शत्रू ठरवणारी पुस्तकं अमेरिकेत तडाख्याने खपू लागली.

दोन्ही अभ्यास चांगले आहेत, पण ते लोक सांगतात तेवढं सांगत नाहीत. अल्झायमरची सुरुवात लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी होते. पावणेचार वर्षांत जे दिसतं ते कारण आहे की सुरू झालेल्या आजाराचा परिणाम? स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत गोड खाण्याची ओढच वाढते. आणि सिएटलने मोजली ती रक्तातली साखर, ताटातली नव्हे. रक्तातली साखर पोटाचा घेर, व्यायाम, झोप आणि आनुवंशिकता यांवरही ठरते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीने आणखी गोंधळ वाढवला. साखरेच्या शीतपेयांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला नाही, बिनसाखरेच्या 'डाएट' पेयांचा दिसला. कदाचित आधीच मधुमेह किंवा वजन असलेले लोकच ती पेयं निवडत असतील.

कर्बोदकंच दोषी असतील, तर जिथे आयुष्यभर तीच खाल्ली जातात तिथे हा आजार मोकाट दिसायला हवा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत ५५ वर्षांवरच्या लोकांत अल्झायमरचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. तिथला मुख्य आहार धान्याचाच. नायजेरियातल्या इबादानमध्ये कंदमुळं आणि धान्यावर जगणाऱ्या योरुबा लोकांत नव्याने अल्झायमर होण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या निम्म्याहून कमी निघालं. बोलिव्हियाच्या त्सिमाने जमातीत जवळपास तीन चतुर्थांश ऊर्जा केळी, कसावा, भात यांतून येते आणि ज्येष्ठांत स्मृतिभ्रंश सुमारे एक टक्का. या लोकांचं आयुर्मान, जनुकं, निदानाच्या पद्धती वेगळ्या आहेत, हे मान्य. पण ते दिवसभर राबतात आणि पोट सुटलेली माणसं त्यांच्यात कमी. कर्बोदक कुठलं, किती, आणि ते खाणारं शरीर कसं, या तीन गोष्टी वगळून नुसत्या भाताला आरोपी करता येत नाही.

औषधांच्या चाचण्यांनीही साधा निकाल दिला नाही. २०११ मध्ये मधुमेहींची साखर कडकपणे खाली आणून पाहिली. मेंदूचा आकार थोडा टिकला, बुद्धीच्या कसोट्यांत फरक पडला नाही. नाकातून इन्सुलिन फवारण्याच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली, २०२० च्या मोठ्या चाचणीने ती पुरी केली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाच्या सुमारे ३,८०० रुग्णांवरच्या चाचण्याही अल्झायमरची गती कमी करू शकल्या नाहीत. कीटोनच्या आशेने सुचवल्या जाणाऱ्या खोबरेल तेलाने अल्झायमर थांबतो असं दाखवणारी एकही मोठी चाचणी झालेली नाही. बुद्धीच्या कसोट्यांत फायदा दिसला तो फिनलंडमध्ये, २०१५ साली. १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र दिलं, तिथे.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. आपल्या जेवणातली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली शरीरं बारीक दिसूनही आत चरबी बाळगतात. त्यामुळे पांढरा भात, मैदा, साखरेचा चहा कमी करून डाळी, उसळी वाढवणं योग्यच आहे. ते मधुमेहासाठी योग्य आहे, आणि मधुमेह टळला तर मेंदूलाही फायदा होईल. शाकाहारी घरांत विसरभोळेपणाचं कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकतं. ते साध्या रक्ततपासणीत कळतं आणि बहुतेकदा भरून काढता येतं, पण साखरेच्या चर्चेत ती तपासणी राहून जाते.

मला काळजी वाटते ती मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजी-आजोबांची. सकाळी ग्लिमेपिराइड घेतली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून रात्रीचा भात-पोळी बंद केली, तर पहाटे शुगर लो होऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, कधी बेशुद्धी. कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेहींच्या २००९ मधल्या अभ्यासात, साखर इतकी उतरून एकदा जरी रुग्णालय गाठावं लागलं असेल तरी त्या ज्येष्ठांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला. म्हणून अशा घरात कर्बोदकं कमी करायचीच असतील, तर ताट बदलण्याच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळीचा डोस बदलून घ्यावा, आणि पहिले काही दिवस पहाटेची साखर ग्लुकोमीटरवर बघावी.