कमलादेवी (कदंब राणी)

(बारावे शतक). गोव्याच्या कदंब घराण्यातील शिवचित्त पेर्माडी (कार. सु. ११४७–८१) याची राणी. देगाव (बेळगाव जिल्हा, कित्तूरजवळ) येथील कमलनारायण मंदिर तिने बांधविले. कदंबांची राजधानी गोपकपट्टण (आजचे गोवा वेल्हा) जुवारीकाठी होती, पण राज्य घाटमाथ्यावर हळशी-देगावपर्यंत पसरलेले होते. त्यामुळे राणीचे मुख्य स्मारक आजच्या गोव्याबाहेर पडले. गोव्याच्या इतिहासलेखनात तिला पतीच्या कारकिर्दीतील एखाद्या ओळीपलीकडे जागा न मिळण्याचे हेही एक कारण असावे.

देगावच्या शिलालेखात कलियुग ४२७५ हे वर्ष आहे. शकाऐवजी कलिवर्ष देण्याची या घराण्याची पद्धत कालनिर्णयात अडचणीची ठरते. वर्ष गत (पूर्ण झालेले) मानल्यास इ. स. ११७४–७५ येते, चालू मानल्यास ११७३–७४. कोरीव लेखांचे अभ्यासक जे. एफ्. फ्लीट यांनी ११७४ धरले असून तेच अधिक ग्राह्य वाटते. मंदिराला तीन गाभारे आहेत, स्थपती तिप्पोज. राजा सप्तकोटीश्वराचा (शिवाचा) उपासक असताना राणीने नारायणाचे देऊळ उभारावे, यावरून तिच्या वेगळ्या वैष्णव निष्ठेचा तर्क करण्याचा मोह होतो. मात्र हळशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरालाही याच कारकिर्दीत राजाश्रय होता, तेव्हा या तर्कावर फार भार देऊ नये.

तिची सासू मैलालदेवी ही चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची कन्या. माहेरच्या सम्राटामुळे राजकीय इतिहासात तिचे नाव सहसा गळत नाही. कमलादेवीला तो आधार नव्हता. शिवाय पेर्माडीनंतर गादी त्याचा भाऊ विजयादित्य याच्या शाखेकडे, म्हणजे तिसऱ्या जयकेशीकडे (राज्यारोहण सु. ११८७) गेली. घराण्याचे नाव आज गोव्यात सरकारी बसगाड्यांवर रोज दिसते, राणीचे क्वचितच.

अलीकडे तिची आठवण पुन्हा होऊ लागली, तसे गोव्यातील तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिराचे श्रेयही कधी कधी तिला दिले जाते. हे मंदिर सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकातील मानतात. दुसरी परंपरा ते यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे नेते, पण शैलीवरून लावलेला ‘हेमाडपंती’ हा शिक्का कर्तृत्वाचा पुरावा नव्हे. कदंबकालीन हे मत अधिक सयुक्तिक दिसते; राणीचे नाव जोडण्यास मात्र देगावसारखा लेखाचा आधार नाही.