अँड्रॉइड लिनक्सवर 'आधारित' आहे, म्हणजे नक्की कशावर?

'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावलेल्या सिनेमात घटना किती आणि मसाला किती हे कुणी सांगत नाही, फोनच्या ओएसबद्दल (ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) बोलतानाही 'आधारित' हा शब्द तसाच वापरला जातो. १९९१ मध्ये लिनक्स आलं ते फक्त कर्नल म्हणून, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग, पुढे लोक डेस्कटॉपवरच्या अख्ख्या सिस्टिमलाच लिनक्स म्हणायला लागले.

२००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला त्यात कर्नल लिनक्सचा होता, पण वरचं घर वेगळंच. डेस्कटॉप लिनक्सवर प्रोग्रॅम ज्या मूळ सी लायब्ररीवर उभे असतात ती जीलिबसी नाही, त्याजागी बायोनिक, आणि ॲप्स चालणार डाल्विक या अँड्रॉइडच्या स्वतःच्या यंत्रणेवर (२०१४ पासून त्याजागी एआरटी). करून बघायचं असेल तर एआरएम (फोनमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरवरच्या) लिनक्ससाठी नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला प्रोग्रॅम फोनवर टाका आणि शेलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) चालवा, उत्तर येतं 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर समोर दिसतेय! सापडत नसतो तो प्रोग्रॅमला हवा असलेला लोडर, म्हणजे त्याला मेमरीत आणून सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, कारण अँड्रॉइडचा लोडर वेगळा आणि वेगळ्या जागी. आणि त्याच शेलमध्ये यूनेम (कर्नलचं नाव सांगणारी कमांड) टाइप केलं की छापून येतं 'लिनक्स'.

पण माझ्या मते खरा गुंता झाला तो कर्नलमध्येच. अँड्रॉइडचे ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये बसणारे त्याला लागणारे कोडचे तुकडे, लिनक्स कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत स्टेजिंगमध्ये घेतले होते, म्हणजे अजून कच्चा आहे पण असू दे अशा कोडच्या जागेत, आणि २०१० च्या २.६.३३ मध्ये ते काढून टाकले. कारण सांगितलं गेलं की या कोडकडे कुणी बघत नाही. त्याच्या मुळाशी वेकलॉक होता, म्हणजे काम संपेपर्यंत फोनला झोपू न देण्याची सोय, जी कर्नलवाल्यांना त्या रूपात नको होती, आणि फोनसाठी लिहिलेले बाकीचे ड्रायव्हर ठिकठिकाणी वेकलॉकच वापरत असल्यामुळे तेही बाहेरच अडकले. मग 'हा फोर्क आहे' (मूळ कोडपासून फुटून वेगळी झालेली शाखा), 'नाही, फक्त थोडे पॅच आहेत' (मूळ कोडमध्ये केलेले किरकोळ बदल) असं सुरू झालं, आणि फोर्क हा शब्द तेव्हा जवळजवळ शिवीसारखा वापरला गेला. मला विचाराल तर काढणाऱ्यांचं बरोबर होतं, जो कोड सांभाळायला माणूस नाही तो ठेवून काय करणार? तरी २०१२ मध्ये ३.३ मध्ये बराचसा कोड परत आला, ३.५ मध्ये वेकलॉकला पर्यायी सोय झाली आणि बाइंडर (ॲप्स आणि सिस्टिमचे भाग एकमेकांशी ज्यातून बोलतात तो ड्रायव्हर) तर ३.१९ मध्ये स्टेजिंगमधून बाहेर पडून रीतसर आत बसला. म्हणजे मधली दोन वर्षं 'लिनक्सवर आधारित' हे वाक्य छापलं तेच जात होतं, पण ज्या लिनक्सचं नाव घेत होते त्यात अँड्रॉइडचे हे ड्रायव्हर नव्हतेच.

आयफोनकडे 'युनिक्सवर (लिनक्सच्याही आधीची सिस्टिम) आधारित' असं म्हणतात, तिथे खाली ॲपलची डार्विन ही पायाभूत सिस्टिम आहे आणि तिचा कर्नल म्हणजे माख हा दुसरा एक कर्नल आणि बीएसडी ही युनिक्सची एक शाखा यांची मिसळ. २००७ मध्ये तर 'फोनवर ओएस एक्स (मॅकची ओएस) चालतं' एवढंच सांगितलं होतं, आयओएस हे नाव २०१० चं.

नंतर तर शब्दच एकमेकांवर आदळायला लागले. मेनलाइन म्हणजे मुख्य कर्नल, हे वर्षानुवर्षं ठरलेलं, आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर 'प्रोजेक्ट मेनलाइन' आलं ज्याचा त्या मेनलाइनशी संबंध नाही, ते सिस्टिमचे तुकडे स्टोअरमार्फत अपडेट करण्याबद्दल आहे. मोझिलाच्या, आता बंद झालेल्या फायरफॉक्स ओएसमध्ये वर ब्राउझर इंजिन होतं आणि खाली अँड्रॉइडकडून घेतलेला थर, आता याला कशावर आधारित म्हणायचं? आणि हुवावेचं हार्मनीओएस २०२१ मध्ये फोनवर आलं तेव्हा आत अँड्रॉइडचा ओपन सोर्स कोड सापडत होता, २०२४ च्या 'हार्मनीओएस नेक्स्ट' या आवृत्तीत तो काढला, अँड्रॉइडची ॲप्स थेट चालेनाशी झाली आणि पाटीवर हार्मनीओएस तसंच राहिलं.