रेट्रो कन्सोल, आधुनिक टीव्ही आणि अपस्केलर

जुन्या गेम कन्सोलमधून निघणारा ॲनालॉग सिग्नल डिजिटल करायचा, त्याच्या रेषा वाढवायच्या आणि आजच्या फ्लॅट टीव्हीला पचेल अशा एचडीएमआय रूपात पुढे द्यायचा, हे काम करणारं यंत्र म्हणजे अपस्केलर. बाजारात अगदी स्वस्तात मिळणारे एव्ही-टू-एचडीएमआयचे छोटे डबेही तसे अपस्केलरच, पण या नोंदीत मुख्यतः गेमसाठीच बनवलेली महाग यंत्रं धरली आहेत, म्हणजे फ्रेममायस्टर, ओएसएससी, रेट्रोटिंक, मॉर्फ ४के वगैरे. वायर कुठे लावायची हे प्रत्येकाला माहीतच असतं. खरा घोळ सिग्नलच्या वेळेत म्हणजे टायमिंगमध्ये असतो, आणि तो समजून घेतला नाही तर कितीही भारी यंत्र आणलं तरी चित्र बिघडलेलंच दिसतं.

२४०पी म्हणजे काय. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत एका पूर्ण चित्रात ५२५ रेषा असतात आणि त्या दोन फील्डमध्ये वाटलेल्या असतात, एकेकात २६२.५. त्या अर्ध्या रेषेमुळेच दुसरं फील्ड पहिल्याच्या रेषांच्या मधल्या फटींमध्ये जाऊन बसतं आणि इंटरलेसिंग होतं. कन्सोलवाल्यांनी ही अर्धी रेषा काढून टाकली, सरळ २६२ अख्ख्या रेषा पाठवल्या, त्यामुळे प्रत्येक फील्ड त्याच त्या जागी पडत राहिलं, चित्र थरथरायचं थांबलं आणि मधल्या फटी काळ्या राहिल्या. जुन्या काचेच्या टीव्हीवर दिसणाऱ्या स्कॅनलाइन त्या याच. त्यातल्या दिसणाऱ्या रेषा साधारण २२४ ते २४०, म्हणून २४०पी.

ही युक्ती आधी कुणाची यावर एकमत नाही. सुरुवात सहसा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलपासून (१९८३) धरली जाते, पण ते फारसं पटत नाही कारण अटारी २६०० (१९७७) वर हाच प्रकार होता, फक्त तिथे रेषा मोजायचं काम गेम लिहिणाऱ्यावरच सोडलेलं होतं. कुणी बरोबर २६२ पाठवायचे, कुणी थोड्या कमी-जास्त, आणि काचेचा टीव्ही ते मुकाट चालवून घ्यायचा. आजचे अपस्केलर अटारीच्या काही गेमवर अडखळतात त्याचं मूळ इथे आहे. एका ठरावीक यंत्रावर सुरुवातीचं श्रेय देण्यापेक्षा १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रुळली एवढंच म्हणणं जास्त सुरक्षित.

फॅमिकॉम आणि त्याच्यानंतरचा सुपर फॅमिकॉम (१९९०) यांच्या बाबतीत आणखी एक बारीक भानगड आहे. दोन्हींचं मास्टर क्लॉक म्हणजे आतल्या कामाचा मुख्य ठोका २१.४७७ मेगाहर्ट्झ, पिक्सेलचं क्लॉक त्याच्या एक चतुर्थांश म्हणजे ५.३७ मेगाहर्ट्झ, एका रेषेत ३४१ ठिपके, आणि एकाआड एक फ्रेममध्ये कुठल्यातरी एका रेषेतला एक ठिपका गाळला जातो. या सगळ्यातून रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र काढलं जातं तो आकडा, ६०.०९८८ हर्ट्झ येतो. एचडीएमआयवर टीव्ही अपेक्षा करतो ५९.९४ किंवा ६०ची. गाळलेल्या ठिपक्याने काचेच्या टीव्हीला काही फरक पडत नव्हता पण रेषा जशाच्या तशा पाचपट करून पुढे पाठवणाऱ्या यंत्रामागे जोडलेला एखादा एलईडी टीव्ही तेवढ्यावरून सिग्नल सोडून देतो, स्क्रीन काळा होतो, मग परत येतो. यासाठी कन्सोलच्या आत डी-जिटर नावाचा मॉड (छोटं जोड-सर्किट) बसवतात, तो गाळलेला ठिपका परत आणतो.

टीव्ही कुठे चुकतो. आधुनिक टीव्हीच्या पिवळ्या म्हणजे कम्पोझिट सॉकेटमध्ये २४०पी गेलं की बहुतेक टीव्ही त्याला ४८०आय म्हणजे इंटरलेस केलेलं चित्र समजतात आणि डीइंटरलेस करायला, म्हणजे दोन फील्ड जोडून एक चित्र बनवायला घेतात. मग दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकात विणली जातात, हलणाऱ्या पात्रांच्या कडेला दातेरी रेषा उमटतात. सगळ्यात वाईट म्हणजे फ्लिकर वापरून केलेल्या गोष्टी गायब होतात. मार बसल्यावर पात्र एक फ्रेम दिसतं एक फ्रेम नाही अशा पद्धतीने लुकलुकतं, सावल्याही तशाच बनवलेल्या असतात, आणि टीव्ही नेमक्या दिसणाऱ्या किंवा नेमक्या न दिसणाऱ्याच फ्रेम उचलत बसतो. वर लॅग म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावर दिसायला होणारा उशीर येतो तो वेगळाच, आणि वेळेवर उडी मारायच्या गेममध्ये हा लॅग हाताला लगेच जाणवतो. काही टीव्हींचा कम्पोनंट (चित्रासाठी तीन वायरींचा) इनपुट तर २४०पी घेतच नाही, नो सिग्नल म्हणून मोकळा होतो.

यंत्रांचा इतिहास. जपानच्या मायकॉमसॉफ्ट कंपनीची एक्सआरजीबी मालिका साधारण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची, सुरुवातीला कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर गेम दाखवायला. तिच्यातलं एक्सआरजीबी-मिनी फ्रेममायस्टर २०११-१२च्या सुमारास आलं आणि बरीच वर्षं हाच एकमेव दर्जेदार पर्याय मानला जायचा. आउटपुट १०८०पीपर्यंत, लॅग एक-दीड फ्रेमचा. त्याची खरी कमजोरी रिझोल्युशन बदलताना दिसते. प्लेस्टेशनवरच्या क्रोनो क्रॉसमध्ये लढाई २४०पीत चालते आणि मेनू उघडला की ४८०आय सुरू होतं, म्हणजे दर वेळी मेनू उघडताना काही सेकंद काळा स्क्रीन आणि बंद करताना पुन्हा तेवढाच. आता त्याचं उत्पादन बंद आहे.

ओएसएससी हा फिनलंडच्या मार्कुस हिएनकारी यांचा मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्प, २०१५-१६च्या आसपासचा, आणि याची विचारसरणीच वेगळी आहे. यात अख्खी फ्रेम साठवलीच जात नाही, एखाद-दोन रेषा साठवून त्या दुप्पट, तिप्पट, पाचपट करून लगेच बाहेर काढल्या जातात, त्यामुळे लॅग एका मिलिसेकंदाच्याही आत. दुपटीने ४८०पी मिळतं जे जवळपास कुठलाही टीव्ही घेतो, चौपटीने ९६०पी मिळतं जे पुष्कळ टीव्ही नाकारतात, आणि पाचपटीच्या १०८० मोडमध्ये मूळच्या फक्त २१६ रेषा मावतात म्हणजे २२४ रेषांच्या गेमच्या वरून चार आणि खालून चार कापल्या जातात. रिफ्रेश रेट मात्र कन्सोलचाच राहतो, म्हणून वर सांगितलेला ६०.०९८८चा त्रास या यंत्रालाच सगळ्यात जास्त.

रेट्रोटिंक हे अमेरिकेतल्या माइक ची यांचं काम. २०१८ मध्ये साधं २एक्स, २०२१ मध्ये ५एक्स-प्रो आणि २०२३च्या अखेरीस रेट्रोटिंक-४के. ५एक्सपासून फ्रेम बफर म्हणजे अख्खी फ्रेम साठवायची सोय आली, त्यामुळे क्रोनो क्रॉसचा मेनू जवळपास न अडखळता उघडतो आणि ४८०आयसाठी चित्रातला हललेला भाग ओळखून तेवढाच वेगळा हाताळणारं डीइंटरलेसिंगही मिळालं, प्लेस्टेशन २च्या गेमना त्याची फार गरज होती. बफर असूनही फ्रेम लॉक लावला, म्हणजे आउटपुटचा वेग कन्सोलच्याच वेगाला बांधला, की लॅग फ्रेमच्या काही अंशातच राहतो. ट्रिपल बफर लावला, म्हणजे जास्त फ्रेम साठवून आउटपुटचा वेग कन्सोलपासून मोकळा केला, तर टीव्हीला नेमके ५९.९४ मिळतात, पण मग सुपर फॅमिकॉमची साधारण दर सहा सेकंदांनी एक फ्रेम टाकून द्यावी लागते आणि पडदा सरकत असताना तो बारीक हिसका डोळ्याला दिसतो. टीव्ही चालवून घेत असेल तर फ्रेम लॉकच ठेवावा. पिक्सेल एफएक्सचं मॉर्फ ४के हे याच वर्गातलं, २०२४ मधलं. गरिबांसाठी म्हणून जीबीएस-कंट्रोल आहे, एका स्वस्त चिनी बोर्डाला छोटा मायक्रोकंट्रोलर जोडून आणि त्यात नवं फर्मवेअर चढवून बनतं आणि आपल्या पैशांत खरंच चांगलं काम करतं.

४के कशासाठी. २४०ला ४.५ने गुणलं की १०८०, म्हणजे रेषा सारख्या जाडीच्या येत नाहीत, एक जाड एक बारीक किंवा मग धुरकट. २४०ला ९ने गुणलं की बरोबर २१६०. आडव्या दिशेला असं जुळत नाही कारण सुपर फॅमिकॉमचा पिक्सेल चौरस नसून ८:७ आहे, नऊपट उंचीला रुंदी साधारण १०.३ पट येते, पण एवढ्या ठिपक्यांमध्ये ती अपूर्ण कड नजरेत भरत नाही. दुसरं कारण मास्कचं. काचेच्या टीव्हीतल्या लाल-हिरव्या-निळ्या फॉस्फरच्या पट्ट्या आणि स्कॅनलाइनची कमी-जास्त होणारी जाडी ही नक्कल १०८०पीत ओबडधोबड होते, २१६०पीत ती विश्वासार्ह दिसते. मास्कमुळे उजेड खूप घटतो आणि तो भरून काढायला एचडीआर म्हणजे टीव्हीची जास्त उजेड दाखवायची सोय वापरतात, ओएलईडी किंवा चांगल्या बॅकलाइटचा टीव्ही असेल तर निकाल खूपच जवळ जातो.

केबल आणि सिंक (रेष आणि चित्र कुठे सुरू होतं हे सांगणारा सिग्नल). पैसे जास्त इथेच वाया जातात. सगळ्यात स्वच्छ सिग्नल आरजीबीचा, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींनी नेणारा, तो बहुधा स्कार्टमधून घेतात. हा २१ पिनांचा फ्रेंच कनेक्टर १९८०पासून फ्रान्समध्ये टीव्हीवर सक्तीचा होता. जपानचा जेपी२१ दिसायला हुबेहूब तसाच पण पिनांची मांडणी वेगळी, चुकून एकात दुसरा घातला तर यंत्राला इजा होऊ शकते. सिंक कुठल्या पिनेवरून येतोय तेही बघावं लागतं. कम्पोझिट व्हिडिओलाच सिंक म्हणून वापरणारी केबल चालते पण चित्रात चौकड्यांची जाळी दिसू शकते, लूमा (नुसता उजेडाचा सिग्नल) त्याहून बरा, सीसिंक (नुसता सिंक, चित्राशिवाय) सगळ्यात स्वच्छ, पण तो पाच व्होल्टचा कच्चा सीसिंक ७५ ओहमच्या इनपुटला थेट देऊ नये, मध्ये रेझिस्टर हवा. आतल्या वायरींना वेगवेगळं शील्डिंग नसेल तर पडदा पांढरा झाला की स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. सगळ्या कन्सोलमध्ये आरजीबी असतंच असं नाही. फॅमिकॉमची चिप थेट कम्पोझिटच बनवते, निन्टेन्डो ६४ला मॉड लागतो, ड्रीमकास्टला व्हीजीएमधून थेट ४८०पी मिळतं, प्लेस्टेशन २ला कम्पोनंट पुरतं.

मूळ चित्र कुठलं, हा वाद. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या सोनिकमध्ये (१९९१) धबधबा उभ्या पट्ट्यांनी काढलाय, कम्पोझिटमध्ये त्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसतं आणि आरजीबीत नुसत्या पट्ट्या दिसतात. काहींच्या मते चित्रकारांनी कम्पोझिट धरूनच काम केलं म्हणून आरजीबी हे मूळ नव्हेच. दुसरा पक्ष म्हणतो मेगा ड्राइव्हच्या मागच्या सॉकेटमध्ये आरजीबी पहिल्या दिवसापासून होतं, बनवणाऱ्यांनीही चांगल्या मॉनिटरवरच पाहिलं असणार. मेगा ड्राइव्हपुरता पहिला पक्ष जड वाटतो, कारण त्या यंत्रात खरी पारदर्शकता जवळपास नव्हतीच, पट्ट्यांशिवाय इलाज नव्हता. सुपर फॅमिकॉममध्ये रंग मिसळायची सोय हार्डवेअरमध्येच होती म्हणून तिथे हा युक्तिवाद लंगडा पडतो, पण तिथेही किर्बीज ड्रीम लँड ३ सारखा अपवाद सापडतोच, त्यात ५१२ रुंदीच्या मोडमध्ये एकाआड एक उभ्या ओळी वापरून पारदर्शकता साधली आहे. एकूण गेमगणिक ठरवणंच योग्य. नवीन अपस्केलर कम्पोझिट इनपुटही नीट घेतात, त्यामुळे दोन्ही केबल जवळ ठेवणं फायद्याचं.

भारतात. आपल्याकडची ॲनालॉग टीव्हीची पद्धत पॅल, ६२५ रेषा आणि ५० हर्ट्झ, रंगीत प्रक्षेपण १९८२पासून, एशियाडच्या सुमारास. १९९०च्या दशकात घरोघरी जे व्हिडिओ गेम म्हणून खेळलं गेलं ते बहुतेक फॅमिकॉमचे क्लोन होते, अँटेनाच्या वायरवर किंवा पिवळ्या सॉकेटवर चालणारे. स्कार्ट इथल्या टीव्हींवर क्वचितच. या क्लोनना आरजीबी नाही, तेव्हा पिवळी वायर अपस्केलरच्या कम्पोझिटमध्ये घालावी आणि रंग येत नसेल तर सेटिंगमध्ये पॅल आणि एनटीएससी दोन्ही करून बघावं. पॅलवर २६२ ऐवजी ३१२ रेषा, दिसणाऱ्या २८८पर्यंत, आणि २१६० भागिले २८८ म्हणजे ७.५, त्यामुळे नऊपटीचं गणित पूर्ण उंचीला बसत नाही. ५० हर्ट्झ एचडीएमआयवर घ्यायला इथल्या टीव्हींना सहसा अडचण येत नाही. रेट्रोटिंक-४केची सुरुवातीची किंमत ७५० डॉलर होती, तेव्हाच्या दराने बासष्ट हजार रुपयांच्या आसपास, कुरिअर आणि कस्टम ड्यूटी वेगळी. सेटिंग तपासायला २४०पी टेस्ट सूट हा मोफत प्रोग्रॅम कन्सोलवरच चालवतात, त्यातल्या ग्रिडवर सगळे चौकोन सारखे दिसेपर्यंत सॅम्पल रेट (एका रेषेचे किती नमुने घ्यायचे) आणि फेज (नमुना नेमका कधी घ्यायचा) फिरवत राहायचं, सुपर फॅमिकॉमसाठी एका रेषेला ३४१ नमुने धरले की बरंचसं काम होतं.