विट्याचं व्हिटॅमिन आणि कल्हईवाल्याचा नवसागर

आमचे एक पाव्हणे विट्याचे. परवा मेडिकलमधनं व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेताना म्हणाले, हा शब्द आमच्या गावावरनंच पडलाय बघा. चेष्टाच, पण फोड जवळपास बरोबर जागी केली त्यांनी. फक्त हा व्हिटा खानापूर तालुक्यातला नाही, लॅटिनमधला आहे, अर्थ जीवन. उरलेला तुकडा अमाईन.

ही जोडाजोड कॅसिमिर फंक या पोलिश माणसानं १९१२ मध्ये लंडनला केली. त्याआधी जावा बेटावर आयकमन या डच डॉक्टरला दिसलं होतं, की नुसता पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा घातला की त्या परत उभ्या राहतात. कोंड्यातली ती जगवणारी वस्तू अमाईन जातीची, असं फंकला वाटलं.

आता अमाईन म्हणजे काय, तर इथं मला राहवत नाही, कारण ही वाट थेट कल्हईवाल्याकडं जाते. भाता मारून पितळी पातेलं चांगलं तापवायचं, कथिल लावायचं, वर पांढरी पूड टाकायची, की भसकन धूर, नाकात झिणझिण्या, आणि कापसाचा बोळा फिरवला की भांडं चांदीसारखं. ती पूड नवसागर. तापला की तो फुटतो, त्यातनं अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू निघतात. हायड्रोजन क्लोराईड भांड्यावरचा ऑक्साईडचा थर खातो, त्या थरावर कथिल धरतच नाही ना. जे वायू उरतात ते वर जाऊन गार झाले की परत एकमेकांना चिकटतात, पुन्हा नवसागरच होतो, बारीक कणांचा, तोच तो पांढरा धूर. नाकाला झोंबतो तो अमोनिया. लॅटिनमध्ये नवसागर म्हणजे आमोनचं मीठ, आमोन हा इजिप्तचा देव, वाळवंटात सिवाला त्याचं देऊळ. त्यावरनं अमोनिया, आणि अमोनियाच्या तीन हायड्रोजनपैकी एक काढून तिथं कार्बनची साखळी बसवली की अमाईन.

फंकचं म्हणणं बी१ ला चालतं. पण ए आणि सी मध्ये नायट्रोजनच नाही, मग अमाईन कुठनं येणार! म्हणून १९२० मध्ये ड्रमंड या इंग्रज शास्त्रज्ञानं सुचवलं, स्पेलिंगमधला शेवटचा ई उडवा. चूक पोटात तशीच, फक्त शेपूट कापली.

आपला जीवनसत्त्व शब्द या भानगडीत पडलाच नाही, सत्त्व म्हटलं की नायट्रोजन असो नसो. वर जीवन आणि व्हिटा एकाच मुळाचे. जुना ग्व सारखा आवाज होता, लॅटिननं त्यातला ग टाकून व ठेवला, संस्कृतात त्याचा ज झाला. आता यावरनं लॅटिन संस्कृतातनं निघाली असले फॉरवर्ड पाठवू नका राव, त्या दोघी मायलेकी नाहीत, चुलतबहिणी आहेत.