रस्ता बंद केला, तर गाड्या जातात कुठे?

एखादा रस्ता गाड्यांना बंद करा आणि चालणाऱ्यांना, मुलांना, सायकलींना मोकळा करून द्या, अशी मागणी जगात कुठेही झाली की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘इथल्या गाड्या उद्या शेजारच्या रस्त्यावर येणार. तिथल्या लोकांनी काय घोडं मारलंय?’ आक्षेप इतका बिनतोड वाटतो की चांगल्या चांगल्या मोहिमा तिथेच गारद होतात. त्याचं उत्तर मात्र आहे, आणि ते थेट गणितातून येतं.

आक्षेपामागे एक चित्र दडलेलं असतं. वाहतूक म्हणजे नळातलं पाणी. एक नळ बंद केला की तेवढंच पाणी दुसऱ्यातून जोरात येणार. पण कुठे जायचं, कधी निघायचं, मुळात निघायचं का, हे पाणी ठरवत नाही. गाडी चालवणारा ठरवतो. रस्ता बदलला की कुणी अर्धा तास लवकर निघतो, कुणी दोन कामं एका फेरीत उरकतो, कुणी जवळच्या दुकानात जातो, कुणी बस पकडतो. सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन या अभ्यासकांनी २००२ साली ११ देशांतली सुमारे ७० उदाहरणं एकत्र तपासली. प्रत्येक ठिकाणी गाड्यांची जागा कमी झालेली होती. बदललेला रस्ता आणि आजूबाजूचे पर्यायी रस्ते, सगळे मिळून मोजले, तरी वाहतुकीत झालेली घट बदललेल्या रस्त्यावरच्या मूळ वाहतुकीच्या सरासरी सुमारे २२ टक्के होती. काही मोठ्या आकड्यांमुळे ही सरासरी वर ओढली गेली आहे. मध्यक घेतला तर तो ११ टक्के येतो, म्हणजे निम्म्या ठिकाणी घट याहून कमी होती. तरीही ‘तेवढ्याच गाड्या शेजारी जातील’ हे गृहीतक कोसळायला एवढं पुरेसं आहे.

पण गाड्यांची संख्या अजिबात कमी झाली नाही, असं समजू. तरीही रस्ता बंद केल्यावर सगळ्यांचा प्रवास लवकर होऊ शकतो. यावर विश्वास बसणं अवघड आहे, म्हणून कागद-पेन्सिल घ्या.

रोज सकाळी ६,००० गाड्या शहराच्या पश्चिम टोकाहून पूर्व टोकाला जातात. मार्ग दोन. उत्तरेच्या मार्गावर आधी एक अरुंद पूल लागतो आणि मग लांबचा, रुंद रस्ता. दक्षिणेच्या मार्गावर उलटं, आधी लांबचा रुंद रस्ता आणि शेवटी अरुंद पूल. रुंद रस्त्यावर कितीही गाड्या आल्या तरी ३५ मिनिटं लागतात. पुलाचं तसं नाही. तिथे जितक्या गाड्या, भागिले २००, तितकी मिनिटं. दोन्ही मार्ग सारखेच असल्याने गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. प्रत्येक पुलावर ३,००० गाड्या, म्हणजे १५ मिनिटं. अधिक ३५. प्रत्येकाचा प्रवास ५० मिनिटांचा.

आता लोकांच्या सोयीसाठी एक छोटा जोडरस्ता बांधला. उत्तरेचा पूल जिथे संपतो, तिथून थेट दक्षिणेच्या पुलाच्या तोंडाशी. वेळ फक्त २ मिनिटं. पहिल्या दिवशी जो या वाटेने जाईल त्याला १५ अधिक २ अधिक १५, म्हणजे ३२ मिनिटं लागतील. तब्बल १८ मिनिटं वाचली! ही बातमी पसरते. दोन्ही मार्गांवरचे ५००-५०० जण या वाटेला लागले की प्रत्येक पुलावर ३,५०० गाड्या होतात आणि पुलाला साडेसतरा मिनिटं लागतात. जोडरस्त्याने जाणाऱ्यांना ३७ मिनिटं, जुन्या मार्गाने जाणाऱ्यांना साडेबावन्न. जे जागचे हलले नाहीत, त्यांचा प्रवासही लांबला. साहजिकच उरलेलेही हळूहळू याच वाटेला येतात. शेवटी सगळ्याच्या सगळ्या ६,००० गाड्या दोन्ही पुलांवरून जाऊ लागतात, प्रत्येक पुलाला ३० मिनिटं लागतात आणि एकूण वेळ होतो ६२ मिनिटं.

मग लोक जुन्या मार्गाकडे परत का जात नाहीत? कारण एकट्याने परत जाणाऱ्याला पुलाची ३० आणि रुंद रस्त्याची ३५ मिळून ६५ मिनिटं लागतील. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणाचा निर्णय घेतला आणि प्रत्येक जण १२ मिनिटं उशिरा पोचला. दोन्ही रुंद रस्ते ओस पडलेत. जोडरस्ता बंद करा, सगळे पुन्हा ५० मिनिटांत पोचतील.

जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी हा विरोधाभास १९६८ साली मांडला. एकट्याने मार्ग बदलून कुणाचाच फायदा होणार नाही, अशा स्थितीला वाहतूकशास्त्रात ‘वॉर्ड्रॉप समतोल’ म्हणतात. जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी ती १९५२ साली सांगितली होती. ब्रेस यांनी दाखवलं की हा समतोल सगळ्यांच्या हिताचा असेलच असं नाही. टिम रफगार्डन आणि एव्हा टार्डोश या संगणकशास्त्रज्ञांनी २००२ साली या नुकसानीची कमाल मर्यादाही काढली. आपल्या उदाहरणासारखा, गाड्यांच्या सरळ प्रमाणात वेळ वाढणारा कुठलाही आराखडा घ्या. समतोलात लागणारा एकूण वेळ सर्वोत्तम वाटपात लागणाऱ्या वेळेच्या चारतृतीयांश पटीहून जास्त होऊच शकत नाही.

हे कागदावरचे खेळ वाटत असतील, तर एक प्रयोग आहे. जोएल कोहेन आणि पॉल होरोविट्झ यांनी १९९१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तो मांडला. छताला एक स्प्रिंग टांगा. तिच्या खालच्या टोकाला आखूड दोरी, दोरीला दुसरी स्प्रिंग आणि तिला वजन. आता दोन लांब, किंचित सैल दोऱ्या आणखी बांधा. एक छतापासून दुसऱ्या स्प्रिंगच्या वरच्या टोकापर्यंत, दुसरी पहिल्या स्प्रिंगच्या खालच्या टोकापासून वजनापर्यंत. मग मधली आखूड दोरी कापा. वजन खाली येईल असं वाटतं. ते वर जातं! कापण्याआधी दोन्ही स्प्रिंगा एकाखाली एक होत्या आणि प्रत्येकीवर पूर्ण भार होता. कापल्यावर त्या शेजारी-शेजारी आल्या, भार निम्मा-निम्मा वाटला गेला आणि ताण निम्मा झाला. लांब दोऱ्यांचा सैलपणा या बचतीपेक्षा कमी असला की झालं. स्प्रिंग म्हणजे आपला पूल, लांब दोरी म्हणजे रुंद रस्ता, आखूड दोरी म्हणजे तो जोडरस्ता. समीकरणं तीच.

आता थोडं सावधपणे. ब्रेसचं नाव घेऊन ‘कुठलाही रस्ता बंद करा, वाहतूक सुधारेल’ असं सांगणारेही असतात. ते चूक आहे. न्यूयॉर्कची ४२वी स्ट्रीट १९९० च्या वसुंधरा दिनी बंद ठेवली आणि कोंडी झाली नाही, हे उदाहरण फार मिरवलं जातं. पण तो दिवस, २२ एप्रिल १९९०, रविवार होता, म्हणजे गाड्या तशाही कमीच. दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये चाँगेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडून २००५ मध्ये ओढा लोकांसाठी खुला केला. हे काम मोठंच आहे, पण २००४ मध्ये तिथली बससेवाही मुळापासून बदलली होती. वाहतूक सुरळीत राहिली असेल, तर त्याचं श्रेय कुणाला किती, हे वेगळं काढता येत नाही. बोस्टन, न्यूयॉर्क आणि लंडनच्या रस्त्यांच्या जाळ्यांवर २००८ साली झालेल्या संगणकीय अभ्यासात बहुतेक रस्ते बंद केल्यावर प्रवासाचा वेळ वाढला. कमी झाला तो मोजक्याच रस्त्यांच्या बाबतीत.

दुसरा भ्रम तंत्रज्ञानाचा. नकाशाचं ॲप किंवा स्वयंचलित गाडी कोंडी संपवेल, अशी जाहिरातबाजी चाललेली असते. प्रत्येकाला त्याच्यापुरता सर्वांत कमी वेळेचा मार्ग दाखवणारं ॲप आपल्या उदाहरणातल्या शहराला ६२ मिनिटांवरच नेऊन ठेवेल, तेही जास्त झपाट्याने.

मोहिमा करणाऱ्यांनी ही गणितं वाचून रस्ते मागितले नव्हते. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात ४०० हून अधिक मुलं रस्त्यावर मेली, म्हणून ‘मुलांची हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. ॲमस्टरडॅमच्या दे पाइप भागात मुलांनीच रस्ता अडवून खेळायला जागा मागितली. कोलंबियाची राजधानी बोगोटात डिसेंबर १९७४ मध्ये काही तासांसाठी रस्ते मोकळे केले. आज तिथे दर रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत सुमारे १२० किलोमीटर रस्ते सायकलींना आणि चालणाऱ्यांना मिळतात.

रस्ता तात्पुरता बंद ठेवणं हा खरं तर उत्तम प्रयोग असतो, कारण तो मागे घेता येतो. अट एकच, मोजणी नीट हवी. आधीची आणि नंतरची, आणि सगळ्या समांतर रस्त्यांवरची. शिवाय प्रयोग काही आठवडे तरी चालायला हवा. लोक नव्या वाटा चाचपून पाहतात, त्यातून नवा समतोल बसायला वेळ लागतो. पहिल्या दोन दिवसांच्या गोंधळावरून निकाल देणं हे अर्धवट शिजलेलं विज्ञान आहे.

आणि फक्त गाड्या मोजू नयेत. नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना विचारलं होतं, ‘या रस्त्यावर तुमचे मित्र किती?’ दिवसाला सुमारे २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर उत्तर आलं सरासरी ३. सुमारे १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर ०.९. हा प्रश्न कुठलीही मोहीम रस्ता बंद करण्याआधी आणि नंतर दारोदार जाऊन विचारू शकते. त्याला ना सेन्सर लागत, ना सल्लागार.